पिंगचं क्लब फिटिंग: रंगीत ठिपका आणि त्यापुढचं बरंच काही

पिंग ही गोल्फचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, बनवणारी कंपनी. तिच्या आयर्नच्या (पातळ धातूच्या पात्यासारखं डोकं असलेल्या क्लबच्या) डोक्यावर, मागच्या बाजूला एक छोटा रंगीत ठिपका असतो. काळा, निळा, हिरवा, लाल, नारिंगी. अनेकांना ती नुसती सजावट वाटते, आणि जुना सेट विकत घेताना तर तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्या ठिपक्यात सेटचं सगळ्यात महत्त्वाचं माप दडलेलं असतं. क्लब जमिनीवर नीट टेकवला की शाफ्ट (दांडा) जमिनीशी जो कोन करतो तो लाय अँगल, आणि ठिपका तोच सांगतो. काळा म्हणजे स्टँडर्ड. निळा, हिरवा, पांढरा अशा क्रमाने लाय उभा होत जातो; लाल, नारिंगी, तपकिरी अशा क्रमाने सपाट.

ही रंगांची पद्धत कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. सोल्हाइम मूळचे नॉर्वेतल्या बर्गनचे, पेशाने जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. १९५९ मध्ये त्यांनी बनवलेल्या पहिल्या पटरला (होलजवळ चेंडू लोटायच्या क्लबला) चेंडू लागला की टणत्कार व्हायचा, त्यावरूनच पिंग हे नाव पडलं. लांबी आणि लाय ही खेळाडूच्या शरीराची मापं आहेत, ती दुकानाच्या रॅकवर ठरू नयेत, हा विचार त्यांनी कारखान्यात उतरवला. आज जवळजवळ प्रत्येक ब्रँड फिटिंग करतो. तरी पिंगची पद्धत वेगळी परखून बघण्यासारखी आहे, कारण तिथे मापाला पहिला मान आहे आणि मॉडेलला दुसरा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आयर्नची लांबी, लाय आणि ग्रिप (मूठ) यांसाठी पिंगचं फिटिंग उत्तम आहे. ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब मारायच्या क्लबसाठी) चांगलं आहे. शाफ्टमध्ये पर्याय मर्यादित, आणि वेजच्या (कमी अंतराच्या, उंच शॉटच्या क्लबच्या) बाबतीत गिऱ्हाइकाने स्वतः प्रश्न विचारल्याशिवाय पूर्ण उत्तर मिळेलच असं नाही. सगळ्यात कच्चा दुवा मात्र शेवटी येतो: बनून आलेला क्लब ठरलेल्या मापाचा आहे का, हे बहुतेक ठिकाणी कुणी तपासतच नाही.

सुरुवात टेपने होते. उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, आणि हाताच्या पंजाची लांबी. यातलं दुसरं माप सगळ्यात जास्त चुकतं. गोल्फचेच बूट घालायचे, खांदे सैल सोडायचे, हात बाजूला लोंबते ठेवायचे आणि नजर समोर. टेपवर किती आलं हे बघायला स्वतः वाकलात की खांदा उतरतो आणि माप अर्धा-पाऊण इंच कमी येतं. त्यामुळे हे माप दुसऱ्यानेच घ्यायला हवं, मनगटाच्या सुरकुतीपासून थेट जमिनीपर्यंत, आणि दोनदा घेतलेलं बरं.

उंची आणि हे अंतर मिळून तक्त्यावर रंग सुचतो. पाच फूट आठ इंच उंचीच्या दोन माणसांचं उदाहरण घ्या. एकाचे हात लांब, मनगट जमिनीपासून ३२ इंचांवर. दुसऱ्याचे हात आखूड, मनगट ३५ इंचांवर. दुकानात दोघांना एकच सेट दाखवला जाईल. तक्त्यावर मात्र पहिला लालच्या बाजूला सरकतो आणि दुसरा निळ्याच्या. नुसती उंची विचारून लांबी ठरवणारा विक्रेता दिसला तर तिथे फिटिंग होत नाही, विक्री होते.

पण तक्त्याचा रंग हा फक्त पहिला अंदाज. तो उभ्या माणसाचा असतो, आणि चेंडू मारताना माणूस तसा उभा नसतो. बहुतेकांचे हात ॲड्रेसच्या (मारण्याआधी चेंडूसमोर उभं राहण्याच्या) वेळी असतात त्यापेक्षा आघाताच्या वेळी वर आलेले असतात. हात वर आले की टो (डोक्याचं शाफ्टपासून लांबचं टोक) खाली जातो, आणि स्थिर मापात बरोबर वाटलेला क्लब प्रत्यक्षात सपाट पडतो. म्हणून मारून बघितल्याशिवाय रंग पक्का करायचा नाही. काही फिटर वेळ वाचवण्यासाठी तक्त्यावरच थांबतात. तसं झालं तर तुम्ही आग्रह धरा.

मारून बघण्याची जुनी रीत म्हणजे सोलला (डोक्याच्या तळाला) टेप लावून प्लास्टिकच्या पाटीवरून मारणं. खूण हीलकडे (शाफ्टजवळच्या टोकाकडे) उमटली तर लाय जास्त उभा, टोच्या बाजूला उमटली तर जास्त सपाट. यात एक खोट आहे. समोर कडक पाटी दिसली की माणूस नकळत क्लब अलगद आणतो, आणि खूण त्या अलगद स्विंगची उमटते. त्याहून भरवशाची रीत अगदी साधी आहे. चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने जाड सरळ रेघ काढायची, ती रेघ क्लबच्या बाजूला, बरोबर उभी येईल असा चेंडू ठेवायचा, आणि नेहमीसारखं मारायचं. रेघेचा ठसा फेसवर (डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) उमटतो. ठसा ग्रूव्हना (फेसवरच्या आडव्या खाचांना) काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर क्लब जास्त उभा, हीलकडे झुकलं तर जास्त सपाट. एकाच ठशावर निर्णय घेऊ नका. सहा आयर्न किंवा सात आयर्नने सहा-सात चेंडू मारा, त्यातले साफ लागलेले चार-पाच बघा.

लायचा एवढा बाऊ का करायचा? कारण लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) असलेल्या फेसचा लाय चुकला की फेसची दिशाच बदलते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब जास्त उभा असेल तर फेस डावीकडे बघतो, सपाट असेल तर उजवीकडे. फिटर मंडळींचा ठोकताळा असा की दीडशे यार्डांच्या शॉटला लायचा एक अंश म्हणजे तीन-चार यार्डांचा फरक. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून चुकीच्या लायचा सगळ्यात मोठा फटका वेजला बसतो आणि ड्रायव्हरला तो फारसा जाणवत नाही. खरं नुकसान यार्डांपुरतं राहत नाही. आयर्न सतत डावीकडे जातात म्हणून खेळाडू फेस उघडा धरून मारायला शिकतो. तीच सवय ड्रायव्हरला लागते आणि स्लाइस होतो, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जातो. मग स्लाइस घालवण्यासाठी कोचकडे महिनोन्‌महिने जातात, आणि मूळ कारण बॅगेतल्या आयर्नच्या होझलमध्ये (शाफ्ट डोक्यात बसतो त्या नळीत) बसलेलं असतं.

लाय बदलायचा म्हणजे क्लबचं डोकं मशीनमध्ये पकडून होझल वाकवायचं. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) मऊ पोलादाचं डोकं सहज वाकतं. पिंगची बरीच आयर्न १७-४ स्टेनलेस स्टीलच्या ओतीव डोक्याची असतात. हा धातू कडक आणि चिवट, जोर लावला तर होझल तडकू शकतो. काही मॉडेलांच्या होझलला खाच दिलेली असते, ती याचसाठी. दोन अंशांपर्यंत वाकवणं सहसा सुरक्षित, त्यापुढे कारखान्यातूनच त्या रंगाचं डोकं मागवावं. इथेच रंगांच्या पद्धतीचा खरा फायदा कळतो, कारण ऑर्डर देतानाच हिरवा ठिपका मागितला तर नंतर हातोडी-पान्याची वेळ येत नाही. लाय आणि लांबीतल्या फरकासाठी बहुतेक ठिकाणी वेगळे पैसेही पडत नाहीत. मग आपलं माप न मागता रॅकवरचा काळा ठिपका उचलून आणणं म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट सोडून देणं.

लांबीचं गणित लायशी बांधलेलं आहे, आणि ते वेगवेगळं करणाऱ्या फिटरवर विश्वास ठेवू नये. क्लब अर्धा इंच लांब केला की तो साधारण एक अंश उभा खेळतो. शिवाय स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड वाटतं त्याचं माप) तीन अंकांनी वाढतं, म्हणजे डी-१ चा क्लब डी-४ होतो आणि डोकं जड वाटायला लागतं. अर्धा इंच आखूड केला तर उलट. स्विंगवेटचा एक अंक म्हणजे डोक्यातले साधारण २ ग्रॅम, त्यामुळे आखूड केलेल्या क्लबला पूर्वीचा तोल परत हवा असेल तर डोक्यात ६ ग्रॅम घालावे लागतात. ग्रिपच्या टोकाला ४-५ ग्रॅम वाढले की स्विंगवेट एक अंकाने उतरतं. जाड आणि जड ग्रिप बसवल्यावर क्लबचं डोकं हरवल्यासारखं वाटतं ते यामुळे.

ग्रिपसाठी पिंगचा वेगळा रंगतक्ता आहे आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. ग्रिपच्या सहा जाड्या मिळतात. पांढरी नेहमीची, सोनेरी आणि नारिंगी जाड, निळी, लाल आणि अक्वा बारीक. या रंगांचा डोक्यावरच्या ठिपक्याशी काहीही संबंध नाही. ऑर्डरच्या कागदावर ‘सोनेरी’ एवढंच लिहिलं असेल तर ते ग्रिपसाठी की लायसाठी, हे विचारून घ्या. पंजा मनगटाच्या सुरकुतीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण सात ते सव्वाआठ इंच असेल तर नेहमीची जाडी चालते. हातात धरून बघायची खूण: वरच्या हाताची मधली दोन बोटं तळव्याच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, मधे मोठी फट राहिली तर जाड. ग्रिपखालच्या टेपचा एक वेढा जाडी १/६४ इंचाने वाढवतो, त्यामुळे दोन मापांच्या मधला हात असला तरी सोय होते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी ग्रिपच्या जाडीइतकाच तिच्या पोताचा विचार करावा. हात घामेजतो, ग्रिप निसटते, मग माणूस ती आवळून धरतो, आणि आवळलेल्या हातांनी फेस वेळेवर वळत नाही. सुताची वीण असलेली कॉर्ड ग्रिप हाताला खरखरीत लागते, पण ओल्या हातात टिकते. निदान वरच्या भागापुरती कॉर्ड असलेली तरी मागावी.

शाफ्टकडे वळू. इथे आमचं मत थोडं कडक आहे. शाफ्टचा लवचिकपणा सांगणाऱ्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ), एक्स (एक्स्ट्रा स्टिफ) या अक्षरांना सगळ्या उद्योगात मिळून कोणतंही एक प्रमाण नाही. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आर इतका लवचिक असू शकतो. त्यामुळे ‘माझा स्विंग स्टिफचा आहे’ या वाक्याला शाफ्टचं नाव आणि वजन जोडल्याशिवाय अर्थ नाही. आधी वजन ठरवा. आयर्नचे पोलादी शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइट त्याहून बरेच हलके. पिंगच्या स्वतःच्या एडब्ल्यूटी शाफ्टमध्ये लांब आयर्नपासून छोट्या आयर्नकडे येताना वजन वाढत जातं, म्हणजे लांब क्लब उचलायला हलका आणि छोटा क्लब हातात स्थिर. मध्यम वेगाच्या खेळाडूंना हे मानवतं. वेग कमी असेल, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर ग्रॅफाइट सांगायला लाजू नये.

योग्य वजन कसं ओळखायचं? सर्वांत लांब गेलेल्या एका चेंडूवरून ओळखायचं नाही. सहा चेंडू मारा आणि ते जमिनीवर किती मोठ्या वर्तुळात पडतात ते बघा. फेसवर कुठे लागतात ते बघा. वजन हलकं पडलं की वर्तुळ उजवी-डावीकडे पसरतं, जड पडलं की पंधराव्या-विसाव्या चेंडूनंतर चेंडू फेसवर खाली आणि पातळ लागायला लागतो. एकाच ब्रँडचं फिटिंग म्हणून शाफ्टची निवड कंपनीच्या यादीपुरती राहते, हे खरं. तरीही सामान्य खेळाडूला त्या यादीबाहेर जायची गरज क्वचितच पडते. आयर्नच्या महागड्या खास शाफ्टचा आग्रह होत असेल तर तुमच्या आकड्यांत त्याने नेमकं काय सुधारलं, ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. फरक दिसत नसेल तर पैसे वाचवा.

आता लॉफ्ट, कारण अलीकडच्या सेटमध्ये खरी गडबड इथे आहे. पिंगच्या जी४३० आयर्नमध्ये सात आयर्नचा लॉफ्ट २९ अंश आणि पिचिंग वेजचा ४१. त्याच कंपनीच्या आय२३० मध्ये सात आयर्न ३३ आणि पिचिंग वेज ४५. क्लबवर अंक एकच, लॉफ्टमध्ये चार अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ एक अख्खा क्लब. रेंजवर दोन्ही सात आयर्न शेजारी ठेवून मारले की जी४३० दहा-पंधरा यार्ड लांब जाणारच. त्यावरून तो सेट ‘जास्त लांब’ ठरवणं चूक. तुलना लॉफ्टशी लॉफ्टची करा.

जोरदार लॉफ्टमध्ये वाईट काही नाही, फक्त दोन गोष्टी तपासा. पहिली, चेंडू कोणत्या कोनात उतरतो. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर) थांबायचा असेल तर सात आयर्नचा उतरण्याचा कोन साधारण ४५ अंश किंवा त्याहून जास्त हवा. कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) १५० यार्ड आणि कोन ३९ असेल तर चेंडू ग्रीनवर पडून मागच्या उतारावर निघून जाईल. पावसाळा संपून जमीन कडक झाली की दख्खनच्या कोर्सवर तर नक्कीच. कमी वेगाने मारणाऱ्यांना यासाठीच पिंग कमी जोराचे लॉफ्ट देतं, त्याला रेट्रो स्पेक म्हणतात. उलट, ज्यांचा चेंडू फार उंच जातो त्यांना पॉवर स्पेक. ऑर्डरच्या कागदावर ही ओळ असते, आणि बरेच गिऱ्हाईक ती न वाचता सही करतात.

दुसरी गोष्ट वेजची. पिचिंग वेज ४१ अंशाचा आणि बॅगेत जुना ५६ चा सँड वेज असेल तर मधे १५ अंशांची दरी पडते. पूर्ण स्विंगला तिथे तीस-चाळीस यार्ड अंतर असं राहतं की त्यासाठी क्लबच नाही. नेमकं हेच अंतर, ७० ते ११० यार्ड, सामान्य खेळाडूच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं. चार ते पाच अंशांच्या पायऱ्या ठेवल्या की ४१ नंतर साधारण ४५-४६, मग ५०, ५४ आणि हवा तर ५८ असा क्रम लागतो. नियमाप्रमाणे बॅगेत १४ च क्लब. मग चार वेज आले तर वरून काही काढावं लागणार. आमच्या मते काढायचं ते चार आयर्न. जी४३० चा चार आयर्न जेमतेम १९ अंशांचा. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास असणाऱ्याला तो उंच उचलताच येत नाही. त्याजागी हायब्रिड किंवा सात वूड (चेंडू सहज उंच उचलणारे, जाड डोक्याचे क्लब) ठेवला की तेच अंतर उंच आणि मऊ उतरतं. फिटिंगच्या वेळी सात आयर्न एकटाच मारून सगळा सेट ठरवतात, आणि वरच्या-खालच्या टोकांकडे कुणी बघत नाही. वेळ मागून घ्या आणि सर्वांत लांब आयर्न व पिचिंग वेज दोन्ही मारा.

वेजचा बाउन्स, म्हणजे सोल पुढच्या कडेच्या खाली किती उतरतो तो कोन, हा आणखी एक विषय. भुसभुशीत वाळू आणि खोल डिव्हट (गवताचा ढलपा) काढणाऱ्याला दहा-बारा अंशांच्या पुढचा बाउन्स, कडक जमीन आणि अलगद मारणाऱ्याला सहा-आठच्या आसपासचा. नंतर कुणी वेजचा लॉफ्ट वाकवून घेत असेल तर लक्षात ठेवा: लॉफ्ट एक अंश वाढवला की बाउन्सही एक अंश वाढतो, कमी केला की कमी होतो. ५६ चा वेज ५४ करून घेतला आणि तो वाळूत रुतायला लागला, याचं कारण हे.

ड्रायव्हरच्या फिटिंगमध्ये लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग, कोन आणि स्पिन मोजणारं यंत्र) लागतोच. रडारवर चालणारा ट्रॅकमॅन मोकळ्या रेंजवर उत्तम, कॅमेऱ्यावर चालणारा जीसीक्वाड बंद खोलीत. यंत्र कुठलंही असो, त्यासमोर झिजलेले रेंजचे चेंडू मारू नका. स्पिनचे आकडे बिघडतात. आपण नेहमी खेळतो तेच चार-सहा नवे चेंडू घेऊन जा.

ट्रॅकमॅनने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीप्रमाणे पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या पुरुषांचा ड्रायव्हरचा वेग ११३ मैल प्रतितास, चेंडू निघण्याचा कोन १०.९ अंश, स्पिन मिनिटाला २,६८६ फेरे, कॅरी २७५ यार्ड. एलपीजीए या महिलांच्या मालिकेतल्या खेळाडूंचा वेग ९४, कोन १३.२, स्पिन २,६११, कॅरी २१८. क्लबात खेळणाऱ्या बहुतेक पुरुषांचा वेग दुसऱ्या गटाच्या जवळ असतो, आणि तरी ते पहिल्या गटासारखा नऊ अंशांचा ड्रायव्हर बाळगतात. त्यातही या महिला खेळाडू सरासरी तीन अंश वरच्या दिशेने मारतात. खाली मारणाऱ्याला तर १०.५ किंवा १२ अंशच हवेत. पिंगच्या ड्रायव्हरचा स्लीव्ह (शाफ्ट आणि डोक्यामधला जोड) फिरवून लॉफ्ट दीड अंशापर्यंत वर-खाली करता येतो. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद दिसतो, कमी केला की उघडा. स्लाइसवाल्याला हा आयता फायदा, हुकवाल्याने (ज्याचा चेंडू डावीकडे वळतो त्याने) मात्र सपाट लायची सेटिंग वापरून बघावी.

डोक्याचं मॉडेल निवडताना नावाला भुलू नका. मॅक्स सर्वसाधारण, एसएफटी स्लाइस कमी करणारा, एलएसटी कमी स्पिनचा. एलएसटी टूरवाले वापरतात म्हणून घेणाऱ्यांचा चेंडू हवेतच थकून खाली येतो, कारण त्यांच्या वेगाला मुळात जास्त स्पिन लागतो. फेसवर पावडरचा स्प्रे मारून चेंडू कुठे लागतोय ते आधी बघा. कागदी स्टिकर लावला तर स्पिन बदलतो, पावडर बरी. ठसे सगळे हीलकडे किंवा विखुरलेले असतील तर शाफ्ट बदलण्याआधी लांबी अर्धा इंच कमी करून बघा. रॅकवरचे ड्रायव्हर पावणेसेहेचाळीस-सेहेचाळीस इंचांचे असतात, ते विक्रीच्या सोयीसाठी. मध्यावर लागलेला आखूड ड्रायव्हर हीलवर लागलेल्या लांब ड्रायव्हरपेक्षा पुढे जातो. मागचं वजन जड घेऊन तोल सांभाळता येतो.

पटरचं फिटिंग बहुतेक जण टाळतात, आणि स्ट्रोक तर तिथेच सर्वांत जास्त जातात. पिंग स्ट्रोकचे तीन प्रकार धरतं: सरळ, थोडा वळणारा, जास्त वळणारा. सरळ स्ट्रोकला फेस-बॅलन्स्ड (शाफ्ट आडवा तोलला की फेस वर बघणारं) डोकं, वळणाऱ्याला टो झुकणारं. लांबीबद्दल एकच सांगणं: ३५ इंचांचा पटर बहुतेकांना लांब पडतो, कोपरं शरीराला अडतात आणि डोळे चेंडूच्या आत राहतात. ३३ किंवा ३४ मारून बघा.

फिटिंगला जाताना काही पथ्यं पाळायला हवीत. साठ-सत्तर चेंडूंनंतर थकवा येतो आणि त्यानंतरचे आकडे खोटे असतात. ड्रायव्हर आणि आयर्न एकाच दिवशी उरकू नका. मॅटवर चेंडूमागे जमिनीला लागलेला शॉटही बरा दिसतो, कारण क्लब घसरून पुढे जातो, म्हणून शक्य असेल तर आयर्न गवतावरून मारा. पाठ दुखत असताना जाऊ नका. कोचबरोबर स्विंग बदलायचं काम चालू असेल तर लाय-लांबी आत्ता घ्यायला हरकत नाही, शाफ्ट मात्र दोन-तीन महिने थांबवा.

महिलांनी ‘लेडीज सेट’ या शब्दापुढे थबकावं. लेडीज हे माप नव्हे. पाच फूट सहा इंच उंचीच्या, ड्रायव्हर ८० मैलांनी फिरवणाऱ्या मुलीला तो आखूड आणि मऊ पडतो. आणि मुलांसाठी मोठ्यांचे क्लब कापून देणं थांबवा: डोकं जड, शाफ्ट कापल्याने आणखी कडक, मूल सगळ्या अंगाने क्लब ओढायला शिकतं.

शेवटी ऑर्डरचा कागद. त्यावर प्रत्येक क्लबची लांबी, लॉफ्ट, लाय अंशांत, शाफ्टचं पूर्ण नाव आणि वजन, ग्रिपचं माप आणि स्विंगवेट लिहून घ्या. रंगापुढे अंश लिहायला सांगायचं कारण असं की पिंगचा रंगतक्ता मधल्या काळात बदलला आहे. जुन्या हिरव्याचे आणि नव्या हिरव्याचे अंश सारखेच असतील असं धरू नये. सेट आला की खोका उघडून थेट कोर्सवर न जाता लाय-लॉफ्ट मशीनवर तपासा. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालेल, एक अंश असेल तर दुरुस्त करून मागा. फिटिंगच्या वेळी मारलेल्या क्लबला शाफ्ट बदलायचा जोड असतो, त्याच्या वजनाने स्विंगवेट थोडं बदललेलं असतं. नवा क्लब हातात वेगळा वाटला तर आधी तिथे बघा.

पिंगच्या आयर्नच्या होझलवर अनुक्रमांक असतो आणि कंपनी त्याची नोंद ठेवते. आठ आयर्न कोर्सवर विसरलात तर त्याच मापाचा एकटा आठ पुन्हा मिळतो. अमेरिकेतल्या काकांनी किंवा आत्याने वापरून दिलेला सेट घरी आला असेल तेव्हाही हा क्रमांक कामाचा. त्यावरून मूळ मापं कळतात, पण मधे कुणी क्लब वाकवलेले असू शकतात आणि ठिपका तोच राहतो, म्हणून मशीनवर ताडून बघा. तुमच्या मापापासून फरक दोन अंशांच्या आत असेल तर वाकवून घ्या, ग्रिप बदला आणि खुशाल खेळा. चार अंशांचा असेल तर तो सेट त्या मापाच्या माणसाला द्या.